कुतुबनुमा आणि दुर्बीण: चंद्रासाठी घ्यावी, डोंगरालाही चालावी

शाबानची २९ तारीख आली की नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या गच्च्या भरून जातात. मगरिबच्या अजानआधीच पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली असतात. लातुरातही तेच चित्र. एकाचं बोट एका ढगाकडे, दुसऱ्याचं भलतीकडेच, आणि खालून आजीचा आवाज, "अरे, दिसला का नाही?" अलीकडे या गर्दीत दोन नव्या वस्तू दिसू लागल्या आहेत. एक दुर्बीण. दुसरी वस्तू म्हणजे होकायंत्र. घरातले बुजुर्ग त्याला अजूनही कुतुबनुमा म्हणतात. उमऱ्याहून आलेल्या पाहुण्याने जानमाजसोबत दिलेलं, नाहीतर मोबाइलमधलं.

रमजान संपला, ईद झाली, की याच दोन वस्तू तरुण मुलांच्या सॅकमध्ये जातात. सुटीत माहूरचा डोंगर, पाऊस लागला की सहस्रकुंड, आणि थोडे पैसे जमले की रेल्वेने नाहीतर ट्रॅव्हल्सने थेट सह्याद्री. मुलं जातात याचा आनंदच आहे. पण चंद्र बघायला म्हणून घेतलेली बाजारातली लाल काचेची दुर्बीण आणि किब्ला बघायचं खेळण्यातलं होकायंत्र घेऊन कुणी पैनगंगेच्या जंगलात शिरत असेल, तर घरच्यांनी चार प्रश्न विचारायला हवेत. चांगलं होकायंत्र आणि चांगली दुर्बीण घरात एकदाच घेतली तर ती किब्ल्याला, चंद्राला आणि डोंगराला, तिन्हीला पुरते. 'खास किब्ल्यासाठी' आणि 'खास चंद्रासाठी' म्हणून विकलं जाणारं बरंचसं सामान मात्र कशालाच पुरत नाही.

आधी होकायंत्र. जानमाजच्या पिशवीत मिळणारं किब्लानुमा तुम्ही नीट पाहिलं असेल, तर त्यातल्या बऱ्याच तबकड्यांवर ३६० अंश नसतात, ४० भाग असतात. सोबतच्या पुस्तिकेत शहराचं नाव शोधायचं, त्यापुढचा आकडा बघायचा आणि सुई त्या आकड्यावर आणायची. नमाजपुरतं हे ठीक. पण ४० भाग म्हणजे एक भाग ९ अंशांचा. डोंगरात एका अंशाची चूक एक किलोमीटर चालल्यावर तुम्हाला १७ मीटर बाजूला नेते. दहा अंशांची चूक तीन किलोमीटरनंतर पाचशे मीटरहून जास्त होते. माळरानावर पाचशे मीटर म्हणजे काहीच नाही; झाड नाहीतर देवळाचा कळस दिसतो आणि माणूस वळतो. किनवट-माहूरच्या सागवानात पावसाळ्यानंतर पानं भरलेली असताना पाचशे मीटर म्हणजे दुसरा नाला, दुसरी टेकडी आणि दुसरंच गाव.

म्हणून घ्यायचं ते पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, फिरत्या कड्याचं होकायंत्र. इंग्रजी नावाने मागायचं तर 'बेसप्लेट कंपास'. पट्टी पारदर्शक असल्यामुळे नकाशावर ठेवता येते, कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात, कड्यावर दर दोन अंशांना रेघ असते आणि सुई तेलासारख्या द्रवात बुडवलेली असते. द्रवामुळे सुई थरथरत नाही, काही सेकंदांत स्थिर होते. स्वीडनची सिल्व्हा आणि फिनलंडची सून्तो या कंपन्या १९३०च्या दशकापासून अशी होकायंत्रं बनवत आल्या आहेत. त्यांचंच घ्या असं मी म्हणत नाही. हजार रुपयांच्या आगेमागेही चालण्याजोगं मिळतं. मात्र पितळी किंवा हिरव्या रंगाची, झाकणाची, 'मिलिटरी' म्हणून विकली जाणारी स्वस्त नक्कल टाळावी. अस्सल लष्करी होकायंत्र उत्तम असतं. त्याच्या नकलेत झाकण आणि वजन तेवढं अस्सल असतं.

दुकानात तपासायचं कसं? काउंटर लोखंडी असेल तर होकायंत्र हातात घेऊन चार पावलं बाजूला या. सुई स्थिर झाली की जवळ किल्ली नेऊन ती हलवा, किल्ली दूर करा आणि सुई पूर्वीच्याच जागी येते का बघा. हे तीनदा करा. दर वेळी वेगळ्या जागी थांबली तर तो नग परत ठेवा. दोन-तीन नग एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर ते शेजारी-शेजारी ठेवू नका, कारण प्रत्येक सुई स्वतःच एक चुंबक आहे आणि त्या एकमेकींनाच ओढतात. द्रवात मोठा बुडबुडा नको. कडं घट्ट फिरावं. आपोआप सरकणारं कडं म्हणजे अर्ध्या वाटेत दिशा बदलणारा सोबती.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला फक्त उत्तरेकडे ओढत नाही, उत्तर गोलार्धात जमिनीकडेही ओढतं, आणि जितकं उत्तरेला जावं तितकं जास्त. त्यामुळे कारखान्यात सुई त्या-त्या पट्ट्यासाठी तोलून बसवतात. लंडनमधल्या भावाने तिथल्या दुकानातून घेतलेलं होकायंत्र इथे आणलं तर सुईचं एक टोक वर उचललं जाऊन घासू शकतं. जिद्दा-मक्का आणि आपण जवळपास सारख्याच अक्षांशांवर आहोत, म्हणून तिकडून आलेल्या होकायंत्राला हा त्रास सहसा होत नाही. घेताना पाकिटावर कोणत्या पट्ट्यासाठी आहे हे लिहिलेलं असतं. काही महागडी होकायंत्रं सगळ्या जगात चालतील अशीही बनवलेली असतात.

मोबाइलमध्ये होकायंत्र असताना हे सगळं कशाला, असं घरातली तरुण मंडळी विचारणारच. मोबाइलमधलं होकायंत्र वाईट नाही. पण मोबाइलच्या कव्हरला चुंबकाचं झाकण असेल तर ते सरळ खोटं सांगतं. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून त्याला अधूनमधून ताळ्यावर आणावं लागतं. आणि ज्या दिवशी रेंज नसते, पाऊस असतो आणि मुलांनी सकाळपासून दोनशे फोटो काढलेले असतात, नेमकी त्या दिवशी त्याची बॅटरी संपते. मोबाइल न्यावाच, फक्त सुई वेगळ्या खिशात असावी. वेगळ्या खिशात हे शब्दशः घ्या. मोबाइल, पॉवर बँक, स्पीकर यांच्या शेजारी महिनोन् महिने पडून राहिलेल्या होकायंत्राची सुई उलटी होऊन उत्तरेला दक्षिण दाखवू लागल्याचीही उदाहरणं आहेत.

आता अशी गोष्ट सांगतो की जिच्यामुळे आपल्या घरात होकायंत्र शिकणं इतरांपेक्षा सोपं आहे. नांदेडहून काबा थेट पश्चिमेला नाही. पश्चिम म्हणजे २७० अंश. नांदेडहून किब्ल्याची दिशा साधारण २८० अंश येते, लातूरहून २८१. म्हणजे पश्चिमेपासून दहा-अकरा अंश उत्तरेकडे. पृथ्वी गोल आहे आणि जवळचा रस्ता वक्र जातो, त्याचा हा हिशेब. होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्या भागात फार थोडा, एका अंशाच्या आसपास आहे, तो सोडून दिला तरी चालतं. मग करायचं एवढंच: कडं फिरवून २८० चा आकडा पट्टीवरच्या बाणाशी आणा. होकायंत्र पोटाजवळ आडवं, सपाट धरा. आता हात न फिरवता पूर्ण अंगाने वळा. सुईचं लाल टोक कड्यातल्या लाल खुणेत बसलं की थांबा. पट्टीवरचा बाण किब्ल्याकडे आहे.

डोंगरात दिशा धरून चालणं म्हणजे हेच, फक्त आकडा वेगळा. नकाशावर पट्टीची कड 'आपण इथे' पासून 'जायचंय तिथे' पर्यंत लावायची, कड्यातल्या रेघा नकाशाच्या उत्तरेशी समांतर करायच्या, आणि मग अंगाने वळायचं. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बाणाच्या रेषेत समोरचं एखादं झाड किंवा खडक हेरायचा, तिथपर्यंत जायचं, पुन्हा बघायचं. सुईकडे डोळे लावून चालणारा माणूस पायाखालचा दगड चुकवतो. ज्या मुलाने रमजानभर घरातल्या पाच वेळच्या नमाजला मोबाइल न बघता पट्टीच्या होकायंत्रावर दिशा लावली, त्याला डोंगरात वेगळी शिकवणी लागत नाही.

इथे एक सूचना मात्र करायला हवी. हातात होकायंत्र आलं म्हणून मोहल्ल्याच्या मशिदीतली सफ मोजायला जाऊ नये. जुन्या बांधकामात मेहराब सरळ पश्चिमेला असणं नवं नाही, आणि दिशेच्या बाबतीत शरीयतने बरीच सवलत ठेवलेली आहे. शंका असेल तर इमामसाहेबांना शांतपणे विचारावं. प्रवासात तर दिशा समजायचा मार्गच नसेल तेव्हा प्रामाणिक अंदाजाने पढलेली नमाजही होते, मग घरात दोन-चार अंशांवरून वाद कशाला?

या सुईचा आणि आपल्या देशाचा संबंध जुना आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. इस्लामी जगातल्या ग्रंथांत होकायंत्राचा जो सर्वांत जुना उल्लेख सांगितला जातो, तो महंमद औफी यांच्या 'जवामिउल हिकायात' या फारसी कथासंग्रहात आहे. साल १२३२च्या सुमाराचं, आणि ग्रंथ पूर्ण झाला तो दिल्लीत, सुलतान अल्तमशच्या काळात. चुंबकाच्या दगडावर घासलेला माशाच्या आकाराचा लोखंडी पत्रा पाण्यात सोडायचा आणि तो दिशा दाखवायचा, असं त्याचं वर्णन आहे. त्याच शतकाच्या शेवटी येमेनचा सुलतान अल-अशरफ याने कुतुबनुमावर किब्ला कसा काढायचा यावर स्वतंत्र लिखाण केलं.

सुई खोटं कधी बोलते?

गच्चीवर, आणि सर्वांत जास्त आपल्याच गच्चीवर. वरचा मजला पुढेमागे बांधायचा म्हणून आपण कॉलमच्या सळया उघड्या ठेवतो. त्या सळया, स्लॅबमधलं लोखंड, टाकीचा स्टँड, डिश अँटेना, सगळे सुईला ओढतात. गच्चीच्या दोन कोपऱ्यांत दोन वेगवेगळ्या उत्तरा दिसल्या तर होकायंत्राला दोष देऊ नका. अंगणात, मोकळ्या जागी, मोटारसायकलपासून दहा-पंधरा पावलं दूर जाऊन बघा. डोंगरात हेच काम चाकू, काठीचं लोखंडी टोक, बॅगेचं चुंबकी बटण आणि डोक्यावरून जाणारी उच्च दाबाची तार करते.

आणि खुद्द दगडही. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा, दख्खनच्या पठाराचा आहे. या बेसाल्टमध्ये लोहाची चुंबकी खनिजं असतात. उंच माथ्यावर वीज पडलेला कातळ तर अधिकच चुंबकी होतो. म्हणून कातळावर होकायंत्र टेकवून दिशा बघू नये. उभं राहून, छातीच्या उंचीवर धरून बघावी, आणि पंधरा-वीस पावलं सरकून पुन्हा ताडावी. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, तिथे हा त्रास कमी. लातूर जिल्ह्यात सराव करायला हत्तीबेट, वडवळ नागनाथचं बेट आणि खरोशाच्या लेण्यांची टेकडी या जागा चांगल्या. आपल्याकडे माळरानात एकट्या उभ्या असलेल्या डोंगराला बेट म्हणतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ते पाणी शोधत बसतात. या बेटांवर हरवायची भीती नाही, चूक झाली तरी खालचा रस्ता दिसतो. माहूर-किनवटचं पैनगंगा अभयारण्य आणि सह्याद्रीतला धुक्याचा माथा ही पुढची इयत्ता. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात ढग उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कोकणकड्याची धार कुठे संपते तेही कळत नाही. तिथे सुई, नकाशा आणि वाटाड्या, तिन्ही हवेत. वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत.

आखातातून येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं अशी एक बाब. डोंगरात उपयोगी म्हणून कुणी उपग्रह फोन आणत असेल तर आणू देऊ नका. भारतात तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक यात अडकतात. साध्या होकायंत्राला आणि दुर्बिणीला अशी काही अडचण नाही.

दुर्बिणीकडे वळू. बाजारात रमजानच्या गर्दीत अत्तर, सुरमा, टोप्या यांच्या शेजारी दुर्बिणीही मांडलेल्या असतात. अशाच एका ठिकाणी शेजारच्या घरातला मुलगा मला म्हणाला, "चच्चा, बीस गुना पचास है! इसमें से तो हुजूर साहिब का कलस बी दिखता." मी म्हटलं, "दिखता, मगर हिलता कित्ता है, वो बी देख." त्याने पुन्हा डोळ्याला लावली आणि हसायला लागला. कळस नाचत होता.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ग्राहक पहिल्या आकड्यावर भाळतो, आणि फसतो तिथेच. जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही जास्त. बिनास्टँडची, नुसत्या हातात धरायची दुर्बीण दहापटीच्या पुढे नको. शिवाय पट वाढली की दिसणारा आभाळाचा तुकडा लहान होतो. ८×४२ मध्ये साधारण सात-आठ अंशांचं आभाळ मावतं, वीसपटीच्या दुर्बिणीत तीन-एक अंशांचं. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते. त्यावरून अंदाज घ्या. तीन अंशांच्या खिडकीतून केसासारखी चंद्रकोर शोधणं म्हणजे नळीतून गल्लीतला पत्ता शोधणं.

दुसरा हिशेब भागाकाराचा. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. ८×४२ चे सव्वापाच, १०×५० चे पाच, १०×२५ चे अडीच. इतके मिलिमीटर रुंद प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. संधिप्रकाशात, दाट जंगलात हा आकडा चार-पाचच्या आसपास असावा. सातच्या पुढे नेऊन उपयोग नाही, कारण वय वाढलं की डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही. अब्बांसाठी म्हणून ७×५० घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यातला बराच प्रकाश वाया जातो आणि वजन तेवढं हातात राहतं.

माझं मत विचाराल तर घरात एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२. फक्त चंद्रासाठीच हवी आणि गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून बघणार असाल तर १०×५० थोडी सरस. दिवसभर चढायचं आहे, वजन नको, तर ८×२५. तीनशे ग्रॅमच्या आसपास असते, पण मगरिबनंतर तिचा फार उपयोग नाही. १० ते ३० अशी पट बदलणारी झूम दुर्बीण कुणीही घेऊ नये. तांबड्या रंगाने चमकणारी भिंगं तर मुळीच नाहीत. तो लेप दिसायला झगझगीत, पण त्यातून सगळं हिरवट-निळसर दिसतं. चांगल्या भिंगावर हिरवी-जांभळी, मंद झाक असते. खोक्यावर 'फुल्ली मल्टी-कोटेड' आणि प्रिझमसाठी 'बाक-४' असं लिहिलेलं बघा. पण लिहिलेल्यावर थांबू नका. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याच्या भिंगात दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडा कापल्यासारखी, चौकोनी, करडी दिसली तर प्रिझम हलकं आहे. मग लांबचा टॉवर किंवा विजेचा खांब बघा. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच चित्र दिसायला हवं. मिनिटभरात डोकं जड झालं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती घरी दुरुस्त होत नाही. आणि जमलं तर भर दुपारी नाही, संध्याकाळी खरेदी करा. दुपारच्या उन्हात खेळण्यातली दुर्बीणही छान दिसते.

चष्मेवाल्यांनी एक आकडा जास्त विचारावा: डोळा आणि भिंग यातलं सोयीचं अंतर, ते १५ मिलिमीटर किंवा जास्त हवं. नाहीतर चष्मा लावून फक्त मधलाच गोल दिसतो. चांगली, पाणी न शिरणारी दुर्बीण साधारण पाच ते दहा हजारांच्या टप्प्यात मिळते. रक्कम छोटी नाही. दोन-तीन घरांनी, भावाभावांनी मिळून घेतली तर काही बिघडत नाही. चंद्र सगळ्यांना एकाच संध्याकाळी बघायचा असला तरी गच्ची एकच असते.

घेतल्यावर डोळ्यांना ती एकदा जुळवावी लागते, आणि हे दहापैकी आठ घरांत कुणी केलेलं नसतं. उजवा डोळा मिटा, डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून लांबची पाटी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि उजव्या नळीवरचं छोटं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. तो आकडा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

चंद्र बघताना

सर्वांत आधी, आणि हे मुलांना दरडावून सांगायचं: सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे न्यायची नाही. दुर्बीण उन्हाला भिंगासारखं एकवटते. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाहीत, म्हणून जळाल्याचं त्या क्षणी कळतही नाही. २९ तारखेच्या घाईत, सूर्य अजून क्षितिजावर असताना, पोरं दुर्बीण ओढून घेतात. ती मोठ्यांच्या गळ्यात असावी.

सूर्य बुडताना होकायंत्राने त्या जागेचा आकडा घेऊन ठेवा. चंद्रकोर त्याच्या वर, थोडी डावी-उजवीकडे असते. फोकस आधीच लांबच्या दिव्यावर किंवा शुक्र दिसत असेल तर त्यावर लावून ठेवा, नाहीतर कोर समोर असूनही धूसर फोकसमध्ये हरवते. घाई नको. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड यॅलप यांनी १९९७ मध्ये दिलेला एक सोपा हिशेब आहे: सूर्यास्त आणि चंद्रास्त यांच्यातल्या वेळेचे नऊ भाग करा, सूर्यास्तानंतर चार भाग गेले की ती वेळ सर्वांत चांगली. दोघांत ५४ मिनिटांचं अंतर असेल तर सूर्यास्तानंतर २४ मिनिटांनी. दोन्ही वेळा पंचांगात किंवा मोबाइलवर मिळतात. आणि सूर्य-चंद्रातलं अंतर सात अंशांहून कमी असेल तर कोर बनतच नाही, असं फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी १९३०च्या दशकात दाखवलं होतं. अशा संध्याकाळी 'मला दिसला' म्हणणाऱ्याच्या डोळ्याला बहुधा विमानाची शेपूट दिसलेली असते. बुडत्या उन्हात चमकणारी ती पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांना हुबेहूब कोर वाटते. दुर्बिणीत ती सरकताना दिसते. दुर्बिणीचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुर्बिणीतून दिसलेल्या चंद्राची साक्ष धरावी की नाही यावर उलेमांत एकमत नाही, तो निर्णय हिलाल कमिटीचा. कोर कुठे आहे हे दुर्बिणीने हेरून मग नुसत्या डोळ्यांनी बघायला मात्र कुणाचीच हरकत नसते.

ईदनंतर हीच दुर्बीण गळ्यात अडकवून विष्णुपुरीच्या जलाशयावर सकाळी जाऊन बघा, किंवा थंडीत पैठणला जायकवाडीवर; पट्टकदंब आणि रोहित तिथे येतात. आपल्या या भागाचा पक्ष्यांच्या अभ्यासाशी जुना धागा आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि नांदेड-लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते. पुढे १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. डोंगरात दुर्बिणीचा उपयोग पक्ष्यांपुरता नाही. समोरच्या उतारावरची पायवाट पुढे तुटलेली आहे का, नाल्याला पाणी किती आहे, वाडी वस्तीची आहे की ओसाड, हे उतरण्याआधी वरूनच कळतं, आणि दोन तासांची पायपीट वाचते.

पावसाळ्यात दुर्बिणीला बुरशी लागते. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली की ती पुसता येत नाही. ओली दुर्बीण पिशवीत कोंबू नये. पंख्याखाली वाळवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या पुड्याही चालतात. धूळ आधी फुंकणीने उडवावी, मग मऊ कापड. ओढणीच्या पदराने किंवा रुमालाने घासलेल्या भिंगावर आयुष्यभर ओरखडे राहतात.

होकायंत्र खरं बोलतं का हे तपासायला वर्षातून दोनदा फुकट संधी मिळते. २७-२८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सपाट जागी दोरीला दगड बांधून टांगा आणि दोरीची सावली जमिनीवर पडली की खडूने रेघ ओढा. पाच-दहा मिनिटं पुढेमागे झाली तरी फरक एका अंशाहून कमी. होकायंत्राची पट्टी त्या रेघेवर, बाण सूर्याच्या बाजूला करून ठेवा आणि कडं फिरवून सुई खुणेत आणा. नांदेडला २८०, लातूरला २८१ च्या आसपास आकडा यायला हवा. पाच-सहा अंशांचा फरक दिसला तर आधी जागा बदलून बघा. गच्चीवर सळया उघड्या असतील तर हा प्रयोग अंगणातच करा.